उर्सिलाला नावं ठेवण्याचा जाहीर समारंभ

मोर्न काब्रीत, त्रिनिदाद
११ जानेवारी १९९४

थोर लेखिका उर्सिलाबाई बॅप्टिस्ट यांना,

तुला यापुढे असंच म्हणायचं, असं ग्राम समितीत ठरलंय. मी एकदा म्हटलं, समितीचा मान राखला. आता पुढे तू उर्सीच.

उर्सी, आधी भांडण, मग बातमी. नाताळच्या आदल्या दिवशी मी मंगरूच्या दुकानात जाऊन, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उभी राहून तुला फोन लावला. पलीकडे कोणीतरी उचलला आणि नुसतं घरघरायला लागलं. मी म्हटलं, लागला कुठल्या तरी म्हाताऱ्याला. दोन कचकचीत शिव्या हासडल्या आणि ठेवला. पाद्रीबाबा मागे साबण घेत उभे होते हे मला नंतर कळलं. दरवर्षी तू माझा केक कसा कोरडा झाला असेल यावर बोलून माझं डोकं खातेस, तेव्हा कुठे माझा नाताळ सुरू होतो. यंदा झालाच नाही. कुठे उलथली होतीस?

आता बातमी. तुला तिकडे ते कसलं पदक मिळालं ते इथल्या पेपरात आलं. अर्धं पान, आणि तुझा फोटो. फोटोत तू अगदी आपल्या आजीसारखी दिसतेस, म्हणजे कोणावर तरी डूख धरल्यासारखी. पेपर बघून मंगरूच्या अंगात आलं. (सुरेश मंगरू आता ग्राम समितीचा अध्यक्ष आहे. तुझ्या चौथ्या पुस्तकात जो वाणी तांदळात खडे मिसळतो, त्याचाच थोरला मुलगा. तो म्हणतो, मी मोठ्या मनाचा आहे.) त्याने ठराव मांडला की क्रिकेटच्या मैदानाशेजारच्या वाचनालयाला तुझं नाव द्यायचं आणि जून महिन्यात तुझा सत्कार करायचा. ठरावावर जी हाणामारी झाली ती मी तुला सांगणार नाही. सिस्टर जोसेफाइन म्हणाली, जिनं माझ्या आईला पुस्तकात दाढी दिली तिचं नाव मी दारावर बघणार नाही. शेवटी एका मताने तू जिंकलीस. ते मत माझं.

अट एकच. तू स्वतः यायचं आणि आपल्या पद्धतीने सत्कार घ्यायचा. भाषणं होतील ती मंगरूच्या समाधानासाठी. खरा सत्कार म्हणजे पिकाँग. विलायतेच्या थंडीत विसरली असशील म्हणून सांगते: नीरफणसाच्या झाडाखाली खुर्ची मांडतात, तुला तिच्यावर बसवतात आणि गवई गावासमोर कवनातून तुझी सालपटं काढतो. प्रत्येक कवनाला तू कवनानेच उत्तर द्यायचं. गिटारवाल्याने धून संपवेपर्यंत उत्तर आलं नाही तर डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हवाली करायची. गवई कोण असेल ते ओळख. लॉर्ड गांधीलमाशी, म्हणजे आपला केल्विन, दुसरा कोण. तुझ्या तिसऱ्या पुस्तकात त्याची कवळी सुपाच्या वाडग्यात पडली तेव्हापासून केल्विन गिटेन्स या दिवसाची वाट बघतोय. बस चालवायचं सोडलं, पण कवनं जुळवणं सोडलं नाही. रोज समुद्राकडे तोंड करून तुझ्या नावाला यमक शोधत बसतो.

कधी येतेस कळव. पुढच्या खोलीला रंग द्यायला घेतलाय.

तुझी मावसबहीण,
व्हर्नीस


कार्डिफ
३ फेब्रुवारी १९९४

प्रिय व्हर्नी,

पत्र पोचलं. केक कोरडाच झाला असणार.

सत्काराचं वाचून हसले. पण मला जमणार नाही. गुडघे गेलेत. शिवाय प्रकाशकाला उन्हाळ्यापर्यंत पुस्तक द्यायचंय. शिवाय इकडे इतकी थंडी आहे की घरातून बाहेर पडायचं म्हणजे आधी अर्धा दिवस अंगावर कपडे चढवावे लागतात. शिवाय विमानात जेवण वाईट असतं. एवढी कारणं पुरेत ना?

खरं सांगू, सत्कारांचा मला वीट आलाय. हे पदक दिलं तेव्हा एका मोठ्या दालनात आम्हाला बसवलं. ताटात पांढरा मासा होता. त्याला आयुष्यात कोणी मीठही लावलं नव्हतं. मग एक प्राध्यापक उठले आणि माझ्या पुस्तकांतला समुद्र हा कसा हरवलेल्या आठवणींचा समुद्र आहे हे सांगत बसले. व्हर्नी, माझ्या पुस्तकांत समुद्र येतो तो बहुतेक वेळा कोणीतरी आडोशाला बसायला जातं म्हणून. पण सगळे माना डोलवत होते, म्हणून मीही डोलवली. इकडच्या लोकांचं कौतुक असं असतं, आपल्याला जिवंतपणी पेटीत घालून वरून फुलं टाकल्यासारखं वाटतं.

तुम्ही सत्कार खुशाल करा. खुर्चीवर माझा फोटो ठेवा. पेपरातलाच ठेवा, गांधीलमाशीला नेम धरायला बरा पडेल. माझ्या वतीने मंगरूला हार मानून टोपी काढायला सांगा, आणि सिस्टर जोसेफाइनला सांगा की तिच्या आईला खरोखरच दाढी होती, मी उलट कमी करून लिहिली.

वाचनालयाचं छप्पर गळतं अजून?

फोन करू नकोस. लाइन बिघडलीय.

तुझी,
उर्सी


मोर्न काब्रीत
२० फेब्रुवारी १९९४

उर्सिला,

फोटो खुर्चीवर ठेवतात तो माणूस मेल्यावर. तुला एवढंही आठवत नाही का?

तुझं पत्र मी समितीत वाचून दाखवलं नाही. तोंडानेच सांगितलं की उर्सिलाला यायचंय, पण तब्येत. तर सगळे हसले. मंगरू म्हणाला, पदक घ्यायला तब्येत बरी होती. सिस्टर जोसेफाइन नुसती माझ्याकडे बघून मान हलवत राहिली. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. आणि केल्विन, ज्याने सर्वात जास्त खुश व्हायला हवं होतं, तो टोपी हातात घेऊन उठून गेला. केल्विनने टोपी काढलेली मी आजवर पाहिली नव्हती. डोक्यावर एक केस नाही.

मी तिथे तुझी बाजू घेतली. घरी येऊन मात्र मनात म्हटलं, लोकांचं काय चुकलं? शेफारलीस तू. गुडघे गेले म्हणे. खुर्चीवर बसायला गुडघे कशाला लागतात? बोलायला तोंड लागतं, आणि तुझं तोंड तर आपल्या आजीलाही बंद करता आलं नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर मनातलं सांगते. तुझी नऊच्या नऊ पुस्तकं मी वाचली. त्यात मंगरूचा बाप आहे, केल्विनची कवळी आहे, सिस्टरची आई आहे. त्या पाद्र्याची गाय आहे. आपल्या घरामागचा तो खरुजलेला कुत्रा आहे, त्याला तर तू तीन पानं दिलीस. मी कुठे आहे? एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, तू विलायतेला निघालीस तेव्हा तुझी पेटी माझ्या डोक्यावरून बंदरापर्यंत गेली. नऊ पुस्तकांत माझ्यावर एक ओळ नाही. गावात जो तो विचारतो, व्हर्नीस, तू कुठल्या पुस्तकात? मी म्हणते, पुढच्या. तीस वर्षं मी पुढच्या पुस्तकात आहे.

हे लिहिणार नव्हते. पण लिहिलं ते खोडणार नाही.

खोलीचा रंग वाळला. निळा दिलाय. तू आली नाहीस तर त्या खोलीत मी कोंबड्या ठेवीन.

व्हर्नीस


कार्डिफ
१४ मार्च १९९४

व्हर्नी,

हे पत्र मंगरूच्या दुकानात उघडू नकोस. घरी जा, दार लाव, बस.

नाताळच्या आदल्या दिवशी जे घरघरलं ते मीच. फोन वाजला, तूच असणार हे मला माहीत होतं, उचलायचा नाही असं ठरवूनही हात गेला. तू "हॅलो, हॅलो" करत होतीस. मागे दुकानातला गलका ऐकू येत होता. मग तुझ्या शिव्या आल्या. फार दिवसांनी कोणीतरी मला नीट शिव्या दिल्या. बरं वाटलं.

नोव्हेंबरात माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर माझा आवाजही काढून घेतला. म्हणजे घोगरा झाला, बसला, असलं काही नाही. गेलाच. गळ्याला एक भोक आहे, त्यातून मी श्वास घेते, वरून रुमाल बांधते. गाठ पुन्हा येणार नाही असं म्हणतात. आवाजही येणार नाही. पदक घेतलं तेव्हा भाषण दुसऱ्या बाईने वाचलं, आणि तिने माझे सगळे विनोद प्रार्थनेसारखे वाचले.

मला मरणाची भीती वाटली नाही. पण गावाची वाटते. डोळ्यासमोर येतं: मी त्या झाडाखाली बसलेय, केल्विनने कवन म्हटलंय, गिटारवाला धून वाजवतोय, सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत आणि माझ्या तोंडातून काही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यांना आधीच कळेल. मग केल्विन माझ्यावर कवन रचणारच नाही. माझी स्तुती करील. सिस्टर जोसेफाइन माझा हात हातात घेऊन "देव बघतोय" म्हणेल. मोर्न काब्रीतमध्ये माणसाला नावं ठेवणं कधी थांबवतात हे तुलाही ठाऊक आहे. मला ते जिवंतपणी नकोय, व्हर्नी. इकडे चारी बाजूंनी तेच चाललंय. दूधवालासुद्धा माझ्याशी हळू आवाजात बोलतो, जणू कान गेलेत.

मी शेफारलेली नाही. मी घाबरलेय. दोन्हीतलं काय सांगायचं ते तू ठरव. खरं म्हणजे कोणाला काहीच सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनही लिहितेय.

पुस्तकात तू का नाहीस त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण ते आत्ता नाही.

कोंबड्या ठेव.

उर्सी


मोर्न काब्रीत
३० मार्च १९९४

उर्सी, माझे बाई,

दार लावलं, बसले, वाचलं. मग रडले. मोठ्याने. शेजारच्या इनिडने कुंपणावरून विचारलं काय झालं, तर म्हटलं, कांदा चिरतेय. ती म्हणाली, किती कांदे? मी म्हटलं, आपलं काम कर. बघ, पोटात राहिलं.

रडून झाल्यावर तुझा इतका राग आला की काय सांगू. नोव्हेंबरपासून एकटीने हे घेऊन बसलीस आणि मला काय लिहिलंस, विमानातलं जेवण वाईट असतं? आणि मी तुला काय काय लिहून बसले. तोंडाचं म्हटलं ते लागलं असेल. ते मागे घेते. कुत्र्याचं म्हटलं ते मागे घेत नाही.

लहानपणापासून मी देवाला सांगत आलेय की या उर्सीला एकदा तरी गप्प कर. त्याने इतक्या उशिरा ऐकावं आणि इतकं सगळं ऐकावं याला काय म्हणायचं? त्याच्याशी माझं वेगळं भांडण चाललंय, तू मधे पडू नकोस.

आता नीट ऐक. आपली आजी काय करायची? लाठीवाल्यांची गाणारी होती. आखाड्यात लाठी खेळणारा पुरुष कधी स्वतः गायचा का? तो तोंड मिटून फक्त मारायचा. त्याच्या वतीने समोरच्याला टोमणे हाणायला त्याची गाणारी बाई मागे उभी असायची, आणि ढोलवाले ते त्याचंच बोलणं धरायचे. त्या बाईला कधी कोणी म्हटलं का, तू का बोलतेस, त्याला बोलू दे? मग खुर्चीवर तू बस. हातात काठी नसली तरी लेखणी आहेच. मागे मी उभी राहते. केल्विनला काय उत्तर द्यायचं ते माझ्यावर सोड. इतकी वर्षं मी त्याच्या बसमधून प्रवास केलाय, माझ्याकडे पुष्कळ माल आहे.

कोणाला सांगणार नाही. शपथ कशाची घेऊ? आजीच्या शेगडीची घेते. तू आलीस की मी सांगीन, उर्सिला मनात पुस्तक जुळवतेय, तिच्याशी बोलायचं नाही. घाबरून कोणी जवळ येणार नाही.

पण ये. सत्कार गेला खड्ड्यात. तू आली नाहीस तर मी या पुढच्या खोलीकडे बघू शकणार नाही. कोंबड्यांचं मी रागाने म्हटलं होतं.

तुझी,
व्हर्नीस


कार्डिफ
२१ एप्रिल १९९४

व्हर्नी,

तिकीट काढलं. ९ जूनला येतेय. परतीचंही काढलंय, तेव्हा खोलीत फार सामान भरू नकोस.

रुमाल पिवळा असेल. विमानतळावर मला मिठी मारताना गळ्याला धक्का लावू नकोस, आणि रडू नकोस. रडलीस तर लगेच पुढच्या विमानाने परत फिरेन. केल्विनला कळता कामा नये. त्याने हात राखून एक जरी ओळ म्हटली तरी मी उठून निघून जाईन.

घाबरलेलीच आहे. तरी येतेय.

उर्सी


मोर्न काब्रीत, तुझ्या घराची पुढची खोली
१४ जून १९९४

प्रिय व्हर्नी,

हा कागद तुला स्वयंपाकघराच्या दाराखालून मिळेल. तू भांडी आपटतेयस ते इथपर्यंत ऐकू येतंय. रविवारपासून तू सगळ्यांना सांगत सुटलीस की "मी केल्विनला उत्तर दिलं, दुसरं काही म्हटलं नाही." म्हणून झालं ते मी लिहून ठेवते. तुला बोलून खोटं पाडण्याची माझी सोय राहिलेली नाही, तेव्हा लिहूनच.

पहिले तीन दिवस तुझी युक्ती छान चालली. मी पुस्तक जुळवतेय म्हटल्यावर इनिडने अंगण झाडलं, मंगरूने तराजू पुसला आणि सिस्टर जोसेफाइन आपल्या खिडकीचे पडदे ओढून बसली. गाव इतकं सज्जन मी कधी पाहिलं नव्हतं. ओळखू येईना.

मग रविवार. मंगरूचं भाषण. त्यात मी थोर, मी दीपस्तंभ, मी गावाची लेक. छप्पर दुरुस्तीचं त्यात अवाक्षर नाही. मी खुर्चीवर, डोक्यावर ती मोठी गवताची टोपी, मागे तू. तुझे हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होते आणि खुर्ची थरथरत होती. मला वाटलं मीच थरथरतेय. नंतर कळलं, दोघीही.

केल्विन आला. तो आधीच वाकडा, त्यात आणखी वाकून त्याने नमस्कार केला आणि सुरू झाला:

टोपी घालून आली उर्सिला, पडायला लागली पाया,
आमच्या लाजा छापून विकल्या, एकही न गेली वाया;
माझे दात सुपात पडले, हसल्या गोऱ्या बाया,
आता तुझे किती उरले ते दाखव, दया ना माया!

लोकांनी "दया ना माया" उचलून धरलं. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत एवढं चांगलं मला कोणी काही म्हटलं नव्हतं. तू उत्तराला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने हात वर करून तुला थांबवलं, गिटारवाल्याला खूण केली आणि माझ्याकडे बघत, अगदी माझ्या रुमालाकडे बघत, दुसरं म्हटलं:

चार दिवस झाले गावात येऊन, कोणाशी भांडण नाही,
उर्सिला अशी गप्प बसली तर नक्कीच भानगड काही;
रुमालाखाली गळ्यापाशी लपवलंस काय, बया?
आवाजसुद्धा तुला कंटाळून पळाला, दया ना माया!

या वेळी कोणी उचलून धरलं नाही. गिटारवाल्याचा हात तारांवरच थांबला. मी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं, आणि तुझा चेहरा बघून कळलं की तू सांगितलेलं नाहीस. मग मी केल्विनकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते, पण हात राखला नव्हता. त्याने मला तसूभरही सोडलं नव्हतं.

मला हसू आलं, व्हर्नी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आवाज नाही, नुसतं अंग गदगदत होतं आणि रुमालाखालून हवा फुसफुसत होती. सिस्टर जोसेफाइनला वाटलं मला झटका आला, ती पाणी घेऊन धावली. मी रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला. बघू देत.

आणि मग माझ्या डोक्यावरून तुझा आवाज आला. आजीचाच. अगदी तसा, वरून खाली कोसळणारा:

आवाज गेला तर बरंच झालं, गायची तरी ही कशी?
चर्चमध्ये हिने सूर लावला की वेदीवरून उडायची माशी;
लेखणी हिची शाबूत आहे, सांभाळ आपली काया,
मागच्या खेपेला दातच गेले होते, दया ना माया!

झाड हाललं असेल एवढा गलका झाला. केल्विनला उत्तर सुचलं होतं, मी त्याचे ओठ बघत होते. त्याने ते गिळलं. धून संपू दिली. मग आपली टोपी काढून, टकलासकट सगळ्या गावासमोर उभा राहून, ती माझ्या मांडीवर ठेवली. नंतर जेवताना तू त्याला विचारलंस, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "चार दिवस माझ्या घरावरून जाते आणि माझ्या टोपीला नाव ठेवत नाही. जन्मभर बस चालवली मी, इंजिन बंद पडलेलं मला कळत नाही?" तू म्हणालीस, मग सोडायचंस ना तिला. तर तो कॅलालूच्या पालेभाजीचा वाडगा पुसत म्हणाला, "सोडायला ती काय मेलीय?"

इथपर्यंत तुला सगळं कबूल आहे. आता जे कबूल नाही ते. टोपी माझ्या मांडीवर आली, लोक उठायला लागले, आणि तू खुर्चीच्या मागून पुढे येऊन माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. मला उद्देशून म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलं:

आणि तू गं, नऊ पुस्तकं केलीस, कुत्रा घेतलास, गाय,
पाठची बहीण जिवंत होती, दिसली नाही की काय?
जन्मभर तुला पत्रं लिहून शाई माझी गेली वाया,
आता तुझ्या वतीने मीच बोलणार, दया ना माया!

गिटारवाल्याने माझ्यासाठी धून वाजवली. पूर्ण वाजवली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी माझी टोपी काढून तुला दिली. ती तुझ्या शेगडीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. अजून म्हण की काही म्हटलं नाहीस.

उत्तर आज देते. मी ज्याला ज्याला पुस्तकात घातलं, त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. मंगरूच्या बापाने सोडलं, सिस्टरच्या आईने मरेपर्यंत सोडलं, केल्विन मला पत्र लिहायचा तो तिसऱ्या पुस्तकानंतर थांबला. तिकडे खिडकीबाहेर पाऊस आणि राखेच्या रंगाची घरं, आणि महिन्यातून एकदा तुझं पाकीट. पाकीट आलं की मी ते उभ्यानेच वाचायची. तुला घातलं असतं आणि तूही थांबली असतीस तर मी कोणाची वाट बघितली असती? म्हणून तुला नाही घातलं. पुस्तकं नऊ झाली, व्हर्नी, पण पत्रं लिहिणारी एकच होती.

परतीचं विमान काल गेलं. तू काही विचारलं नाहीस, मीही काही लिहिलं नाही. निळा रंग भडक आहे. पण राहू दे.

उर्सी


स्वयंपाकघर
तोच दिवस

उर्सिला,

वीस पावलांवर बसून बाईसाहेब मला पत्रं धाडतात, आणि कागदही माझेच वापरतात. डाळ उतू गेली तुझं वाचता वाचता.

मी ते शेवटचं कवन म्हटलं असेलही. उन्हात उभी होते, डोकं तापलं होतं. आणि विमान काल गेलं ते मला माहीत आहे. मी सकाळपासून अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत होते. ते डोंगरावरून गेलं तेव्हा आत येऊन तुझ्यासाठी जादा पीठ मळलं.

पुस्तकाचं म्हणशील तर आता घाल मला. खुशाल घाल. दाढी देऊ नकोस, बाकी काय वाटेल ते लिही. मी बोलणं सोडणार नाही, कारण आता मी सोडलं तर या घरात बोलणार कोण?

केल्विन मघाशी कुंपणापाशी येऊन गेला. टोपीवाचून त्याचं डोकं भाजलंय, ती परत मागतो. मी म्हटलं, लेखिकाबाईंना विचारून सांगते. तर तो म्हणाला, विचार, आणि त्यांना म्हणावं पुढच्या रविवारी पुन्हा खुर्ची मांडतोय. अर्धं गाव म्हणतं त्याने मुद्दाम हार पत्करली.

खारवलेला मासा तळलाय, भाकऱ्या गरम आहेत. आता याला उत्तर लिहीत बसू नकोस. तुला जे काही म्हणायचं असेल ते इकडे ये आणि माझ्या तोंडावर गप्प बस.

व्हर्नीस